गुरुजींनी शिकावे केव्हा?

पंधरा-वीस वर्षे वर्गावर उभ्या राहिलेल्या शिक्षकास पुन्हा विद्यार्थी व्हावेसे वाटले, तर समाजाने त्याचे कौतुकच करावयास हवे. प्रत्यक्षात त्याची वाट नियमांनीच अडविली आहे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीने एम. एड. एक वर्षाची दोन वर्षांची झाली. वर्षाकाठी २०० दिवसांचे काम व ८० टक्के उपस्थिती आवश्यक ठरली. शाळा तरी याच दिवसांत भरते! तेव्हा नोकरी सोडावी, बिनपगारी रजा काढावी, की हजेरीपटाची काही ‘व्यवस्था’ लावावी, एवढेच मार्ग उरतात. यांतील तिसऱ्या मार्गावर किती वर्दळ असते, हे आमच्या शिक्षक वाचकांस सांगणे नलगे.

इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची शिक्षणशास्त्रातील एम. ए. घरबसल्या करता येते, हे खरे. परंतु पुस्तकांचा गठ्ठा व परीक्षेचे वेळापत्रक यांच्या सोबतीने एकट्याने केलेला अभ्यास बहुधा स्वाध्याय उतरवून काढण्यावर येऊन थांबतो. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने २००६ साली प्राथमिक शिक्षणातील एम. ए. ज्या रीतीने सुरू केली, ती आम्हास अधिक शहाणपणाची वाटते. काही काळ संस्थेत एकत्र अध्ययन करावयाचे आणि उरलेला अभ्यास आपापल्या कामावर राहून पुरा करावयाचा, अशी ती योजना होती.

परिषदेने २०२५ च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध केलेल्या मसुद्यात नोकरदारांसाठी दोन वर्षांची अंशकालीन एम. एड. सुचविली, याचे आम्ही स्वागत करतो. मात्र सायंकाळी तेच तास घेऊन भागणार नाही. सहावीतील मूल अपूर्णांकापाशी का अडते, हे ज्याने वीस वर्षे पाहिले, त्याला प्रबंधासाठी परक्या शाळांत प्रश्नावल्या वाटीत कशाला फिरवावयाचे? त्याचा स्वतःचा वर्ग हाच त्याच्या संशोधनाचा विषय असावा, आणि मार्गदर्शकाने त्या वर्गात येऊन बसावे.

प्रश्न उरतो रजेचा. जनगणना व निवडणूक यांच्या कामासाठी शिक्षकास वर्गाबाहेर काढण्याची मुभा २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारास ठेविली आहे, व सरकार ती सढळ हाताने वापरते. त्याच सरकारने प्रबंधासाठी एका सत्राची पगारी रजा आणि त्या काळापुरता बदली शिक्षक देताना तिजोरीची सबब पुढे करू नये.