अंतर कुणाचे, आधार कुणाचा?

२०२०च्या मार्च महिन्यात ‘सामाजिक अंतर’ हा शब्दप्रयोग शासकीय पत्रकांतून घराघरांत पोहोचला. अंतर शरीराशरीरांत ठेवायचे होते, समाजात नव्हे. त्यामुळे हा शब्दच मुळात सदोष आहे, असे अनेकांनी दाखवून दिले आणि ‘शारीरिक अंतर’ हा पर्याय काही प्रमाणात रूढही झाला. परंतु ज्यांच्या आयुष्यात दुसऱ्याचा हात हीच दृष्टी आणि दुसऱ्याचा खांदा हेच पाय असतात, त्यांच्या बाबतीत ही चर्चा केवळ शब्दांपुरती नव्हती. अंध व्यक्तीला रस्ता ओलांडून देणारा अनोळखी हात मागे सरला. समोरच्याच्या ओठांवरून शब्द वाचणाऱ्या कर्णबधिराला मुखपट्टीमागचे ओठ दिसेनासे झाले. स्वमग्न मुलाला शाळा एकाएकी बंद का झाली, हे समजावणार तरी कसे? ज्या आखीव दिनक्रमाच्या आधारावर त्याचे मन स्थिर असते, तो दिनक्रमच कोसळला.

ही मंडळी मूठभर नाहीत. २०११च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख, तर महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार दिव्यांग होते. त्या वेळी कायद्याला अपंगत्वाचे सातच प्रकार ठाऊक होते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने ते २१ केले. त्यात थॅलॅसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल यांचा समावेश झाला. या विकारांचे रुग्ण वरकरणी ‘अपंग’ दिसत नाहीत, म्हणूनच टाळेबंदीत ते कुणाच्या ध्यानी आले नाहीत. थॅलॅसेमियाच्या बालकाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. महाविद्यालये आणि कार्यालये बंद, म्हणून रक्तदान शिबिरे बंद. वाहने बंद, म्हणून रक्तपेढीपर्यंत पोहोचणे अवघड. विषाणूची बाधा न होताही या कुटुंबांवर जिवावरचे संकट ओढवले होते. त्या काळात ज्यांनी लहान-लहान गटांत, वेळा ठरवून रक्तदान घडवून आणले, त्यांच्या कामाची बातमी झाली नाही, परंतु त्याचे मोल शिधावाटपाहून कमी नव्हते.

शासन सर्वस्वी उदासीन होते, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. २५ मार्च रोजी टाळेबंदी लागू झाली आणि दुसऱ्याच दिवशी केंद्राच्या दिव्यांग सक्षमीकरण विभागाने सर्व राज्यांना सविस्तर मार्गदर्शक सूचना पाठविल्या. माहिती ब्रेल आणि सांकेतिक भाषेत द्यावी, देखभाल करणाऱ्यांना प्रवासाची मुभा असावी, उपचारांत दिव्यांगांना प्राधान्य मिळावे, असे त्यात स्पष्ट होते. निवृत्तिवेतन घेणाऱ्या गरीब दिव्यांगांना तीन महिन्यांसाठी एक हजार रुपयांचे साहाय्यही दिले गेले. मात्र हे साहाय्य ज्या केंद्रीय योजनेच्या आधारे दिले गेले, तिच्यासाठी ८० टक्के अपंगत्व आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंब या दोन अटी आहेत. टाळेबंदीत रोजगार गेलेला, ६० टक्के अपंगत्वाचा फेरीवाला या चौकटीत कुठेच बसत नव्हता.

लसीकरणात तर हे दुखणे अधिक उघडे पडले. १६ जानेवारी २०२१ रोजी देशव्यापी मोहीम सुरू झाली. नोंदणी संकेतस्थळावर. अंध व्यक्तींना या संकेतस्थळाच्या वापरात येणाऱ्या अडचणींची दखल अखेर सर्वोच्च न्यायालयाला ३१ मे २०२१च्या आदेशात घ्यावी लागली. अंथरुणाला खिळलेल्यांना घरी जाऊन लस द्यावी, या मागणीसाठी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. लसीच्या मात्रा वाया जातील, घरी प्रतिकूल परिणाम झाला तर रुग्णाला वेळेत उपचार कसे मिळणार, असे आक्षेप केंद्राने मांडले. आक्षेप पोकळ नव्हते. कोविशिल्डच्या एका कुपीत दहा मात्रा असत आणि ती एकदा उघडली की चार तासांत संपवावी लागे. परंतु एका प्रभागातील दहा घरे आधीच हेरून ठेवली असती, तर चार तास अपुरे पडले नसते. केरळसारख्या राज्याने हे काम आधीच आरंभले होते, याकडे न्यायालयानेही लक्ष वेधले. केंद्राची सार्वत्रिक अनुमती आली ती २३ सप्टेंबर २०२१ रोजी. म्हणजे आठ महिने गेले. आणि याच आठ महिन्यांत दुसरी लाट येऊन गेली!

ही दहा घरे कुणी हेरायची? याचे उत्तर कायद्यात आहे. २०१६च्या कायद्यातील आठवे कलम आपत्तीविषयी आहे. जिल्ह्यातील दिव्यांगांची नोंद ठेवणे आणि संकटाची सूचना त्यांच्यापर्यंत पोहोचविणे, हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे कर्तव्य असल्याचे ते सांगते. अशी अद्ययावत यादी आपल्या जिल्ह्यात आहे काय, हा प्रश्न किती नगरसेवकांनी आणि किती सरपंचांनी विचारला असेल?

दोष केवळ प्रशासनाच्या पदरी घालून मोकळे होता येणार नाही. संकटकाळात समाजाने केलेले सेवाकार्य अफाट होते, यात शंका नाही. तरीही त्या कार्याच्या मनात मदत घेणारा माणूस म्हणजे रांगेत उभा राहू शकणारा, घोषणा ऐकू शकणारा, फलक वाचू शकणारा असेच चित्र होते. शिध्याची पिशवी चौकात मिळे. तिसऱ्या मजल्यावरच्या चाकाच्या खुर्चीतील माणसाने चौकात यायचे कसे, हे विचारण्याइतकी उसंत कुणाला नव्हती. ‘दिव्यांग’ हा आदरार्थी शब्द २०१५च्या अखेरीस पंतप्रधानांनी सुचविला आणि महाराष्ट्रात तो झपाट्याने रुळला. शब्दाने आदर दिला. दाराशी जाण्याचे काम मात्र शब्द करीत नाही.

स्थानिक स्वराज्य संस्थांनी पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावा, असा राज्यात नियम आहे. तो अखर्चित राहतो किंवा वर्षअखेरीस साहित्यवाटपात संपतो, ही दिव्यांगांच्या संघटनांची जुनी तक्रार आहे. प्रत्येक वस्तीत कोण अंथरुणाला खिळलेले, कोणाला रक्त किंवा डायलिसिस नियमित लागते, कोणाशी खुणांच्या भाषेत बोलावे लागते, त्यांचा शेजारी कोण आणि दूरध्वनी कोणता, एवढी नोंदवही करायला फारसा निधीही लागत नाही. दोन कार्यकर्त्यांना त्यासाठी एक आठवडा पुरतो, दर सहा महिन्यांनी एक फेरी. पुढच्या महासाथीची वाट पाहण्याचेही कारण नाही. डेंग्यू तर दर पावसाळ्यात येतोच.