म्हातारे स्पीकर : दवाखान्यात की भंगारात?

दोस्तांनो, दिवाळीची आवराआवर सुरू झाली की माळ्यावरून एकेक वस्तू खाली उतरते. फाटका आकाशकंदील, आजोबांची ट्रंक आणि काही घरांत लाकडी खोक्यांची एक जोडी. पुढे काळं कापड ताणलेलं, मागे वायर अडकवायला लाल-काळे खटके. हेच ते हाय-फाय स्पीकर! बाबांनी कॉलेजात असताना यांच्यावर कॅसेटी ऐकल्या, आजीनं पहाटेची भक्तिगीतं ऐकली. आता लावून बघावेत तर एक अगदी गप्प आणि दुसऱ्याचा घसा बसलेला. मग घरात लगेच दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "द्या भंगारात, हल्ली मुठीएवढा ब्लूटूथ स्पीकर मिळतो." दुसरा म्हणतो, "खबरदार, हात लावाल तर!"

गंमत अशी, की दोघांपैकी कुणीच स्पीकर तपासलेला नसतो. तर आज ते काम तुम्ही करायचं. आई किंवा बाबांना शेजारी बसवून घ्या. त्यांनाही यात मजा येते, फक्त ते कबूल करत नाहीत.

आधी एवढं बघून घ्या, की या खोक्यात असतं काय. मागे एक जड चुंबक. त्याच्या बारीक फटीत तांब्याच्या तारेचं वेटोळं, म्हणजे कॉइल. कॉइलला चिकटवलेला कागदाचा शंकू, म्हणजे कोन. कॉइलमधून गाण्याचा विद्युतप्रवाह गेला की ती चुंबकापुढे मागेपुढे थरथरते, कोन तिच्याबरोबर हवा ढकलतो आणि आपल्याला ऐकू येतं. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीतल्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली ही रचना मांडली. गेल्या शंभर वर्षांत तिच्यात सुधारणा झाल्या, पण मूळ कल्पना तीच राहिली. म्हणूनच जुना स्पीकर आजचा कारागीरही दुरुस्त करू शकतो.

या सगळ्यात चुंबक सहसा म्हातारं होत नाही. लाकडाचं खोकं कोरडं राहिलं तर तेही टिकतं. मग मरतं काय? बहुतेक वेळा सर्वांत स्वस्त भाग! कोनाच्या काठाला एक मऊ रिंग असते. तिच्यामुळे कोन चौकटीला धरून राहतो आणि तरीही मोकळेपणानं हलतो. साधारण १९७०नंतरच्या अनेक चांगल्या स्पीकरांत ही रिंग फोमची केलेली होती. फोम हलका आणि लवचीक खरा, पण हवेतला दमटपणा आणि ऑक्सिजन त्याला हळूहळू खातात. पंधरा-वीस वर्षांत त्याचा भुगा होतो. आपल्या कोकणात आणि मुंबईत तर दमट हवेला तोटाच नाही! रिंग रबराची किंवा कापडाची असेल तर ती पुष्कळ जास्त टिकते.

चला, आता तपासणी. पहिली गोष्ट, अ‍ॅम्प्लिफायर उघडायचा नाही. त्याच्यात घरातली वीज येते आणि बंद केल्यावरही आतले मोठे कंडेन्सर झटका देऊ शकतात. ज्या स्पीकरला स्वतःचा प्लग असतो, तोही उघडायचा नाही. आपण बोलतोय ते फक्त दोन वायरींवर चालणाऱ्या साध्या खोक्याबद्दल.

अ‍ॅम्प्लिफायर चालू केल्याबरोबर एखाद्या स्पीकरचा मोठा कोन आत किंवा बाहेर जाऊन तिथेच अडकून राहिला, तर ताबडतोब बंद करा. दोष अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आहे आणि तो स्पीकरची कॉइल जाळेल. तसं नसेल तर आधी बॅलन्सचं बटण मध्यावर आहे ना, ते बघा. हसू नका, निम्मे "बिघाड" इथेच सापडतात! मग अ‍ॅम्प्लिफायर बंद करून डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरी आपसात बदला आणि पुन्हा चालू करा. मघाशी गप्प असलेलं खोकं आता गायला लागलं आणि दुसरं गप्प झालं, तर स्पीकर बिचारे निर्दोष आहेत. वायर नाहीतर अ‍ॅम्प्लिफायर दुकानात न्या. तेच खोकं गप्प राहिलं, तर मात्र रोगी सापडला.

आता त्याच्या वायरी पूर्ण काढा. पुढची जाळी अलगद ओढून काढा आणि मोठ्या कोनाच्या काठाला बोट लावून बघा. बोटाला चिकट, काळा भुगा लागला तर फोम संपला. रिंग शाबूत असेल तर दोन्ही हातांची बोटं कोनावर समोरासमोर ठेवून तो सारख्या दाबानं किंचित आत ढकला. गुपचूप आत-बाहेर झाला तर छान. खर्रखर्र आवाज आला तर कॉइल चुंबकाला घासतेय. मधल्या गोल टोपीवर मात्र दाबायचं नाही. ती एकदा चेपली की चेपलीच.

यापुढचा प्रयोग माझ्या सर्वांत आवडीचा. घड्याळातला दीड व्होल्टचा सेल घ्या. दोन वायरी खोक्यामागच्या खटक्यांना लावा आणि त्यांची दुसरी टोकं सेलला क्षणभरच टेकवा. 'टप्' असा आवाज येऊन मोठा कोन हलला तर त्याची कॉइल जिवंत आहे. सेलचं अधिक टोक लाल खटक्याला असेल तर बहुतेक स्पीकरांत कोन बाहेर येतो. उलट जोडला तर आत जातो. दोन खोक्यांच्या वायरी एकमेकींच्या उलट जोडल्या गेल्या की एक कोन हवा ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो, आणि गाण्यातला तबल्याचा घुमारा हरवतो. अशा वेळी बिघाड काहीच नसतो, फक्त वायरी नीट लावायच्या!

सेल लावल्यावर वरचा छोटा स्पीकर, म्हणजे ट्वीटर, गप्प राहिला तर घाबरू नका. त्याच्या वाटेत कंडेन्सर बसवलेला असतो आणि तो सेलचा एकसारखा प्रवाह अडवतो. जुन्या स्पीकरांत हाच कंडेन्सर कधीकधी वाळतो आणि आवाज बोदा होतो. तो बदलणं अगदी किरकोळ काम आहे.

आता निकाल. नुसती रिंग गेली असेल, कंडेन्सर वाळला असेल किंवा खटके गंजले असतील, तर स्पीकर दवाखान्यात न्यायचा. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तापकीर गल्ली अशा ठिकाणी चौकशी करा. कारागिराला एक प्रश्न जरूर विचारा : "नवी रिंग चिकटवताना कॉइल मधोमध कशी ठेवता?" जाणकार माणूस सांगेल, की मधली टोपी काढून कॉइलच्या फटीत कागदाच्या किंवा फिल्मच्या पट्ट्या खोचतो आणि गोंद वाळल्यावर काढतो. "त्यात काय, नुसती चिकटवायची!" असं उत्तर आलं तर नमस्कार करून पुढचं दुकान गाठा. आणि हो, एका खोक्याची रिंग गेली असेल तर दुसऱ्याचीही वाटेवर असते. दोन्ही एकदमच करून घ्या.

कॉइल जळाली असेल तर विचार करावा लागतो. तसाच भाग मिळाला किंवा कारागीर नवी कॉइल आणि कोन बसवून देत असेल, तर ठीक. पण मापाला बसतोय म्हणून भलताच भाग घातला तर दोन खोक्यांचे आवाज कधीच जुळत नाहीत. शिवाय कॉइल का जळाली, हेही शोधायला हवं. लहानशा अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज पूर्ण चढवला की तो ध्वनिलहरींचे शेंडे छाटतो, आणि अशा छाटलेल्या लहरींनी बहुधा ट्वीटरचा बळी जातो. ती सवय सुटली नाही तर नवे स्पीकरही त्याच वाटेनं जातील.

खोक्याची फळी भुश्शाची असेल आणि पावसाळ्यात फुगून पावासारखी झाली असेल, तर मात्र मी दुरुस्तीच्या बाजूनं बोलणार नाही. दुरुस्तीचा खर्च तशाच आवाजाच्या नव्या जोडीच्या निम्म्याहून जास्त सांगितला, तरी नाही. हा माझा आपला ठोकताळा. मात्र तुलना "तशाच आवाजाच्या" जोडीशी करायची, मुठीएवढ्या डबीशी नव्हे. जाड सूर काढायला पुष्कळ हवा हलवावी लागते, आणि चिमुकला कोन ती आणणार कुठून? आजोबांना त्या आवाजाची सवय असेल, तर निर्णयात त्यांचंही एक मत धरा.

आणि जोडी टाकायचीच ठरली, तर भंगारवाल्याकडे देण्याआधी आतला एखादा न जळलेला स्पीकर कारागिराकडून सोडवून घ्या. घरात जुना रेडिओ पडला असेल तर त्याचाही स्पीकर सोडवून मागा. चुंबकापाशी लोखंडी पेचकस नेऊ नका. तो उडी मारून कोनाला भोक पाडतो! आता दोन्ही स्पीकर लांब वायरींनी एकमेकांना जोडा. एक स्वयंपाकघरात, दुसरा पुढच्या खोलीत. ताईला एकात तोंड घालून बोलायला सांगा आणि तुम्ही दुसऱ्याला कान लावा. सेल नाही, प्लग नाही, तरी ताईचा आवाज येतो. बारीकच, पण येतो.