फोन आपला, किल्ली कोणाकडे?

मे २०१९ मध्ये अमेरिकेच्या व्यापार खात्याने चीनच्या हुआवे कंपनीला निर्बंधांच्या यादीत टाकले आणि काही दिवसांतच गूगलने त्या कंपनीशी असलेला व्यवहार आवरता घेतला. हुआवेची गणना तेव्हा जगातील पहिल्या तीन फोन-उत्पादकांत होत असे. कारखाने तिचे, अभियंते तिचे, ग्राहकही तिचे. तरीही चीनबाहेर तिचा नवा फोन घेणाऱ्याला त्यावर गूगलचे प्ले स्टोअर मिळेनासे झाले. गंमत अशी की, तो फोन ज्या अँड्रॉइडवर चालत होता, ते मुक्तस्रोत आहे. ते कोणीही विनामूल्य घ्यावे, बदलावे, आपल्या फोनात घालून विकावे. अमेरिकी आदेशालाही ते हुआवेच्या हातून काढून घेता आले नाही. मग हिरावले गेले ते काय? भारतातील दहापैकी नऊहून अधिक स्मार्टफोन याच प्रणालीवर चालत असताना हा प्रश्न चीनचा म्हणून सोडून देता येत नाही.

अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्स आहे. हेलसिंकीतील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली हौसेखातर आरंभिलेला हा गाभा जगभरच्या सहस्रावधी हातांनी वाढविला. त्याचा जीपीएल हा परवाना रिचर्ड स्टॉलमन यांच्या चिंतनातून आला. गाभा वापरा, बदला. मात्र बदललेला गाभा दुसऱ्याला दिलात तर त्याची मूळ संहिताही द्या, असा त्याचा दंडक. गूगलने हा गाभा घेतला, पण त्यावरच्या थरांसाठी बहुतांशी अपाची हा सैल परवाना निवडला. त्यात आपले बदल झाकून ठेवण्याची मुभा आहे. व्यापाऱ्याला हीच मुभा हवी असते. नोव्हेंबर २००७ मध्ये ३४ कंपन्यांची आघाडी या प्रणालीमागे उभी राहिली आणि पुढील वर्षी पहिला फोन बाजारात आला. नोकियाने आपली सिम्बियन प्रणाली फेब्रुवारी २०१० मध्ये खुली केली खरी, परंतु तोवर उशीर झाला होता. वर्षभरातच त्या कंपनीने मायक्रोसॉफ्टचा हात धरला आणि २०१४ मध्ये तिचा फोनचा व्यवसायच मायक्रोसॉफ्टच्या घरी गेला.

या मोकळेपणाचे ऋण मान्य केलेच पाहिजे. फोनच्या किमतीत कार्यप्रणालीचे शुल्क नसल्याने स्वस्त स्मार्टफोन शक्य झाला. मराठी वाचकाला याहून जवळचे उदाहरण आहे. आरंभीच्या अँड्रॉइड फोनांवर देवनागरी मजकुराच्या जागी रिकामे चौकोन दिसत. आज जोडाक्षरे नीट उमटतात, ती हार्फबझ या मुक्तस्रोत आज्ञावलीमुळे. अक्षरांचा क्रम पाहून कोणता आकार कोठे बसवावा, हे ती ठरविते. भारतीय लिप्यांसाठी अँड्रॉइडने काही काळ लोहित या मुक्त टंकमालिकेचाही आधार घेतला. या मालिकेची निगा रेड हॅट कंपनीच्या पुण्यातील अभियंत्यांनी अनेक वर्षे राखली. हात पुण्यातले, वेतन अमेरिकी कंपनीचे, हा तपशील मात्र अभिमानाच्या भरात नजरेआड होतो.

खुली संहिता सहसा मरत नाही, हाही तिचा मोठा गुण. मोझिला संस्थेची फायरफॉक्स ओएस २०१३ मध्ये फोनवर आली आणि २०१५ च्या अखेरीस संस्थेने फोनचा नाद सोडला. त्याच संहितेतून कायओएस घडली आणि २०१७ मध्ये जिओफोनच्या रूपाने ती भारतातील खेड्यापाड्यांत पोहोचली.

हुआवेचे जे गेले, ते या खुल्या पायावर रचलेले बंद दालन होते. प्ले स्टोअर, नकाशे आणि ‘प्ले सर्व्हिसेस’ नावाचा अदृश्य थर ही गूगलची खासगी मालमत्ता आहे. असंख्य ॲप्स सूचना पाठविण्यापासून स्थान ओळखण्यापर्यंत या थरावर विसंबतात. विहीर गावाची, पण पोहरा आणि दोर एकाच वाड्यात, असा हा प्रकार! प्ले स्टोअर हवे असेल तर गूगलची इतर ॲप्सही घ्या आणि अँड्रॉइडची वेगळी आवृत्ती काढू नका, असे करार उत्पादकांकडून करून घेतले गेले. त्यासाठी युरोपीय आयोगाने जुलै २०१८ मध्ये ४३४ कोटी युरोंचा दंड ठोठावला. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने हा दंड कायम ठेवला, काही निर्देश मात्र रद्द केले. दंडाने कंपनी काहीशी नमते. दोर मात्र वाड्यातच राहतो.

यावर स्वदेशी प्रणाली हा उपाय सुचविला जातो. जानेवारी २०२३ मध्ये मद्रास आयआयटीच्या छत्राखाली घडलेल्या भारओएसचे केंद्रीय मंत्र्यांच्या उपस्थितीत प्रात्यक्षिक झाले, स्वदेशी म्हणून तिचे कौतुकही झाले. तिचा पाया अँड्रॉइडच्याच खुल्या संहितेचा आहे. त्यात लाजण्याजोगे काही नाही, लपविण्याजोगे तर मुळीच नाही. हुआवेनेही तेथूनच प्रारंभ केला. जून २०२१ मध्ये तिच्या फोनांवर आलेल्या हार्मनी ओएसमध्ये अँड्रॉइडचा अंश होता. तो पूर्णतः वगळलेली आवृत्ती यायला ऑक्टोबर २०२४ उजाडला. आर्थिक बळ, मनुष्यबळ आणि चीनसारखी बाजारपेठ पाठीशी असूनही निर्बंधांनंतर पाच वर्षांहून अधिक काळ गेला. आपल्याकडे उद्घाटनाचा उत्साह दांडगा. परंतु दर महिन्याला सुरक्षेची छिद्रे बुजविणे, प्रत्येक नव्या चिपशी प्रणाली जुळविणे, ॲपकर्त्यांना आपल्या दालनात आणणे ही नीरस कामे कोण करणार? चिप बनविणाऱ्या कंपन्यांच्या आज्ञावली बव्हंशी बंदच असतात. त्यांनी हात आखडता घेतला की तीन-चार वर्षांचा धडधाकट फोनही असुरक्षित होतो.

केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्तस्रोताला प्राधान्य देणारे धोरण स्वीकारले. ते सरकारी कार्यालयांतील वापरापुरते होते. लिनक्स वा अँड्रॉइडच्या मूळ संहितेत कोणता बदल घ्यावा, हे ठरविणाऱ्यांत भारतीय संस्थांनी वेतन देऊन बसविलेली माणसे किती, हा प्रश्न त्या धोरणाच्या कक्षेबाहेरच राहिला. दरम्यान मार्च २०२५ मध्ये गूगलने अँड्रॉइडचे सारे विकसन आपल्या अंतर्गत शाखेत नेण्याचे जाहीर केले. संहिता प्रसिद्ध होत राहील, पण काम पूर्ण झाल्यावर. तिच्यावर नवी प्रणाली उभारू पाहणाऱ्या भारओएससारख्या प्रयत्नांना तोवर दाराबाहेर थांबावे लागेल.