सातबारा झटपट, दुरुस्ती सावकाश

सातबारा आता पंधरा रुपयांत मिळतो. मोबाइलवर, घरबसल्या, डिजिटल सहीचा, बँकेत चालणारा. १ मे २०१८ पासून ही सोय आहे आणि तिचं कौतुक मी हातचं न राखता करतो, कारण ‘साहेब मीटिंगला गेलेत’ एवढंच ऐकून सज्जाच्या गावाहून रिकाम्या हाती परतणारी माणसं आमच्या घरातच होती. (हे साहेब म्हणजे तलाठी. सरकारदरबारी ते आता ग्राम महसूल अधिकारी झालेत. गावात अजून तलाठीच आहेत आणि राहतील असं दिसतं.)

पण कागद लवकर मिळणं वेगळं आणि कागदावर खरं छापलेलं असणं वेगळं. त्यावर चूक असेल तर ती काढायला किती हेलपाटे पडतात? जमिनीच्या नोंदी आधुनिक झाल्या की नाही, हे मी तरी यावरूनच ठरवतो.

आमची शेती देगलूरकडची, मी राहतो लातुरात. आमच्या सातबाऱ्यावर वर्षानुवर्षं आजोबांच्या थोरल्या भावाचं नाव होतं आणि त्यापुढे ‘ए.कु.मॅ.’ ही तीन अक्षरं. एकत्र कुटुंब मॅनेजर. भाऊ तिघं, जमीन तिघांची, वाटणी धुऱ्यावर उभं राहून तोंडी झालेली, आणि कागदावर मॅनेजर एकटा. तो जिवंत आणि सरळ होता तोवर कुणाला काही वाटलं नाही. पुढे नातवंडांच्या पिढीत पीककर्जाची वेळ आली तेव्हा धाकट्या भावांची मुलं बँकेच्या दृष्टीने भूमिहीन निघाली. मराठवाड्यात असा सातबारा नसलेलं गाव शोधून सापडायचं नाही.

आपल्याकडचं दप्तर मुळातच गुंतागुंतीचं. १९४८ पर्यंत निजामाचं राज्य, म्हणून जुना कागद उर्दूत किंवा मोडीत, आणि साल फसली. त्यात ५९० मिळवले की इसवी सन निघतं. हैदराबाद राज्य असतानाच १९५४-५५ मध्ये खासरा पत्रक तयार झालं, मग पाहणी पत्रक, मग महाराष्ट्राच्या १९६६ च्या जमीन महसूल संहितेखालचा सातबारा. दर टप्प्यावर कुणीतरी आधीचं वाचून नवं लिहिलं, आणि लिहिणाऱ्याला जे वाचता आलं नाही ते गळालं. मराठा-कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समिती आली, तेव्हा तहसिलांतली ही गाठोडी पुन्हा सुटली आणि एकाएकी मोडी-उर्दू वाचणाऱ्यांना भाव आला. त्या धांदलीत कित्येकांनी आपल्या पणजोबाचं नाव सरकारी कागदावर पहिल्यांदा पाहिलं. आरक्षणाच्या वादात मी इथे शिरत नाही. एवढंच म्हणतो, की दप्तर वाचायचं ठरवलं तर माणसंही मिळतात आणि वेळही निघतो.

सातबारा संगणकावर चढवताना मात्र हे वाचन झालं नाही. शेवटचा हस्तलिखित सातबारा घेतला आणि टंकला. क्षेत्र जुळेना, नावं जुळेनात, म्हणून २०१७ च्या उन्हाळ्यात गावोगाव चावडी वाचन ठेवलं. कल्पना उत्तम होती. नावं मोठ्याने वाचायची, ज्याची हरकत असेल त्याने तिथंच सांगायची. ऐन मे महिन्यातल्या दुपारी किती गावांत किती माणसं जमली असतील, हे मराठवाड्यातल्या वाचकाला सांगायला नको.

आज खरेदीखताची रजिस्ट्री झाली की माहिती ऑनलाइन तहसिलीत जाते, फेरफार क्रमांक पडतो, हितसंबंधितांना नोटीस निघते, पंधरा दिवसांत हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी फेर मंजूर करतात. विकत घेतलेल्या जमिनीचा रस्ता असा बराच सरळ झालाय. अडतं ते वारसाला, वाटणीला आणि जुन्या चुकीला. लेखनातली चूक दुरुस्त करायला संहितेत कलम १५५ आहे, अधिकार तहसीलदाराला. पण त्याच दारातून नको त्या नोंदीही आत शिरल्याच्या तक्रारी झाल्या आणि सरकारला तपासण्या लावाव्या लागल्या. साहजिकच आता प्रामाणिक चुकीचा अर्जही संशयाच्या ढिगाऱ्यात जाऊन पडतो. १ एप्रिल २०२५ पासून ‘जिवंत सातबारा’ मोहीम राज्यभर निघाली, मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावण्यासाठी. बुलढाण्याने आधी सुरू केली होती. अलीकडच्या सगळ्या सुधारणांत मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच, कारण तिच्यात नवं ॲप नव्हतं, जुनं काम होतं.

पलीकडे तेलंगणात काय झालं तेही बघण्यासारखं आहे. १९५६ साली राज्यं वाटली गेली तेव्हा देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळं तिकडे गेली, आदिलाबादचं किनवट आपल्याकडे आलं. म्हणजे दप्तर एकाच निजामाचं. तेलंगणाने २९ ऑक्टोबर २०२० ला ‘धरणी’ पोर्टल सुरू केलं. तहसिलीत बसल्या जागी रजिस्ट्री, बसल्या जागी फेर. त्याच्या आधीच्या महिन्यात गावपातळीवरच्या महसूल अधिकाऱ्याचं पदच रद्द केलेलं, आणि जमीन प्रत्यक्ष कोण कसतो हे सांगणारा रकाना नव्या नोंदीतून गेला. वेग इतका, की आपल्याकडचे लोक हेव्याने बोलत. पण नाव चुकलं, गट नंबर मनाई यादीत पडला, तर जवळच्या अधिकाऱ्याच्या हाती फारसं काही उरलं नव्हतं. दिवाणी कोर्टात जा. धरणी हा तिथल्या निवडणुकीचा मुद्दा झाला, सरकार बदललं, १४ एप्रिल २०२५ ला तिच्या जागी ‘भूभारती’ आली, अपिलाची सोय झाली आणि गावात पुन्हा महसूल अधिकारी नेमायला घेतले. साडेचार वर्षांत वर्तुळ पूर्ण. तलाठ्यावर आपला कितीही राग असो, धुरा कुणाचा कुठवर हे त्यालाच ठाऊक असतं.

आता केंद्राची पाळी आहे. १९०८ चा नोंदणी कायदा बदलण्यासाठी भूसंसाधन विभागाने मे २०२५ मध्ये नव्या विधेयकाचा मसुदा लोकांपुढे ठेवला. ऑनलाइन दस्त, ऑनलाइन हजेरी, डिजिटल प्रमाणपत्र, सगळं त्यात आहे. पण आपल्याकडे दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, मालकी नव्हे. विकणारा खरा मालक आहे की नाही, हे घेणाऱ्याने बघायचं. सातबाऱ्याचंही तसंच: कलम १५७ म्हणतं, उलट सिद्ध होईपर्यंत नोंद खरी मानावी. मानावी, एवढंच. दक्षिण ऑस्ट्रेलियात १८५८ पासून टॉरेन्स पद्धत आहे. तिथे सरकारी नोंद हीच मालकी, आणि सरकारच्या चुकीने कुणाची जमीन गेली तर भरपाईसाठी निधी. चुकीचे पैसे खिशातून जाणार म्हटल्यावर नोंद करणारा आपोआप नीट वाचतो. आपल्याकडे चुकीचा खर्च शेतकऱ्याच्या माथी, मग घाई कुणाला?

हा खर्च किती, ते २०२५ च्या पावसाने दाखवलं. ऑगस्टमध्ये मुखेडच्या हसनाळ भागात पुराने माणसं गेली, सप्टेंबरात लातूर-नांदेडचं सोयाबीन शेतातच कुजलं. अनुदान आलं ते फार्मर आयडीवर, म्हणजे पुन्हा सातबाऱ्यावर. सामाईक खातं असेल तर बाकीच्या हिस्सेदारांचं संमतीपत्र आणा. एक भाऊ पुण्यात, एक रुसलेला, चुलते वारलेले आणि त्यांचे वारस लागलेले नाहीत. पीक बुडालं एका माणसाचं आणि सह्या हव्यात सातजणांच्या.

या सगळ्यात बहिणी कुठे असतात? वारस लागताना त्यांची नावं येतात आणि लगेच हक्कसोडपत्राची तारीख ठरते. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत हिस्सा दिला, देशाने २००५ मध्ये. रजिस्ट्रीच्या टेबलावर आता कॅमेरा आणि अंगठ्याचं यंत्र आहे, त्यामुळे बहिणीच्या जागी दुसरीच बाई उभी करणं अवघड झालं, हे चांगलंच. ती राजीखुशीने आली की माहेर तुटेल या धाकाने, हे यंत्राला कळत नाही, आणि विचारायची जबाबदारी असलेल्या माणसाला रांग संपवायची असते.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. चावडी वाचन दरवर्षी घ्या, मेमध्ये नको, दिवाळीत घ्या, लेकी माहेरी असतात तेव्हा. आणि पारावर घेऊ नका, तिथे बायका येत नाहीत. बचत गटाच्या बैठकीत सातबारा आणि आठ-अ वाचा, तिथंच हरकती लिहून घ्या, आणि त्या किती दिवसांत निकाली निघाल्या याचा तक्ता ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा.