महाभियोगाची किल्ली कोणाच्या खिशात?

"सगळे कायद्यानेच झाले ना? दोन तृतीयांश मते पडली ना? मग तक्रार कसली?" असे आपल्यातलेच काही शिकलेसवरलेले मित्र विचारतात. त्यांना आम्ही ब्राझीलकडे बघायला सांगतो.

डिल्मा रूसेफ २०१४ मध्ये सुमारे ५ कोटी ४५ लाख मते घेऊन दुसऱ्यांदा राष्ट्राध्यक्ष झाल्या. ३१ ऑगस्ट २०१६ रोजी सिनेटने ६१ विरुद्ध २० मतांनी त्यांना पदावरून काढले. आरोप लाचेचा नव्हता. सरकारी बँकांची देणी लांबवून तूट झाकली आणि संसदेला न विचारता पुरवणी खर्चाचे आदेश काढले, एवढाच. हिशेबाची ही हातचलाखी आधीच्या सरकारांनीही कमीअधिक केली होती. आणि गंमत बघा, डिल्मांना काढल्यावर दोनच दिवसांत, २ सप्टेंबरला, पुरवणी खर्चाचे नियम सैल करणारा कायदा लागू झाला. बुधवारी जो गुन्हा होता, त्याला शुक्रवारी वाट मोकळी!

मग खरे कारण काय? ब्राझीलमध्ये राष्ट्राध्यक्षाविरुद्ध कोणीही नागरिक अर्ज देऊ शकतो, पण तो पुढे न्यायचा की नाही हे कनिष्ठ सभागृहाचा अध्यक्ष एकटा ठरवतो. तेव्हा त्या खुर्चीवर एडुआर्डो कुन्हा होते. स्विस बँकेतल्या खात्यांबद्दल संसदेशी खोटे बोलल्याचा आरोप त्यांच्यावर होता आणि प्रकरण नीतिमत्ता समितीपुढे होते. २ डिसेंबर २०१५ रोजी डिल्मांच्या कामगार पक्षाच्या खासदारांनी समितीत कुन्हांच्या विरोधात मत देण्याचे जाहीर केले. त्याच दिवशी कुन्हांनी महाभियोगाचा अर्ज दाखल करून घेतला. याला न्यायप्रक्रिया म्हणायचे की सूड?

१७ एप्रिल २०१६ च्या मतदानात ३६७ खासदार महाभियोगाच्या बाजूने गेले. ते काय बोलले हे प्रत्येक कार्यकर्त्याने ऐकावे. देवासाठी, कुटुंबासाठी, बायकामुलांसाठी म्हणून मते पडली. अर्थसंकल्पाचे नाव क्वचितच कोणी घेतले. बोल्सोनारो नावाच्या खासदाराने आपले मत कर्नल उस्त्राला अर्पण केले. हा उस्त्रा लष्करी हुकूमशाहीत राजकीय कैद्यांच्या छळासाठी कुप्रसिद्ध असलेल्या केंद्राचा प्रमुख होता. डिल्मांनी त्याच राजवटीच्या तुरुंगात छळ सोसला होता.

सत्ता कोणाकडे गेली? उपाध्यक्ष मिशेल टेमर यांच्याकडे, म्हणजे कुन्हांच्याच पक्षाकडे. टेमर यांच्या पहिल्या मंत्रिमंडळात एकही स्त्री नव्हती, एकही कृष्णवर्णीय नव्हता. निम्म्याहून अधिक लोक कृष्णवर्णीय आणि मिश्रवर्णीय असलेल्या देशात! याच डिल्मांनी २०१२ मध्ये केंद्रीय विद्यापीठांतल्या निम्म्या जागा सरकारी शाळांतल्या मुलांसाठी राखून त्यात कृष्णवर्णीय व आदिवासींना वाटा देणाऱ्या कायद्यावर सही केली होती. घरकामगार स्त्रियांना इतर कामगारांच्या बरोबरीचे हक्क देणारी घटनादुरुस्तीही त्यांच्याच काळातली. डिल्मांच्या जाण्याचे हे एकमेव कारण होते असा आमचा दावा नाही. अर्थव्यवस्था कोसळली होती, पेट्रोब्रासच्या घोटाळ्यात त्यांच्या पक्षाचेही हात बरबटले होते. पण त्या घोटाळ्याचा आरोप डिल्मांच्या महाभियोगात नव्हताच. उलट त्याची चौकशी थांबवायला सरकार बदलले पाहिजे, असे बोलणारे रेकॉर्डिंग बाहेर आल्यामुळे टेमर यांच्या मंत्र्याला, रोमेरो जुका यांना, मे २०१६ मध्येच पद सोडावे लागले.

पुढचे तर उघडच आहे. २०१७ मध्ये टेमर यांच्यावर थेट भ्रष्टाचाराचा आरोप आला, तेव्हा त्याच सभागृहाने २६३ विरुद्ध २२७ मतांनी त्यांचा खटला अडवला. पुढे बोल्सोनारो राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांच्याविरुद्धचे शंभराहून अधिक अर्ज अध्यक्षांच्या टेबलावर पडून राहिले.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना बाबासाहेबांनी बजावले होते, की संविधानाचे रूप न बदलताही कारभाराच्या पद्धतीतून ते विकृत करता येते. आपल्या अनुच्छेद ६१ मध्ये राष्ट्रपतींवरील महाभियोगासाठी सभागृहाच्या एक चतुर्थांश सदस्यांच्या सह्या, १४ दिवसांची नोटीस आणि एकूण सदस्यसंख्येच्या दोन तृतीयांश मते लागतात. एकट्या माणसाच्या हाती किल्ली नाही. न्यायाधीशांच्या बाबतीत मात्र आहे. २०१८ मध्ये सरन्यायाधीशांविरुद्धची ६४ खासदारांची नोटीस राज्यसभेच्या सभापतींनी तीन दिवसांत फेटाळली. ती नोटीस योग्य होती की नव्हती, हा वाद वेगळा. चौकशी समितीच नेमली गेली नाही, हा आमचा आक्षेप आहे.

आणि एक कडू गोष्ट. टेमर यांना २०१० आणि २०१४, दोन्ही वेळा उपाध्यक्षपदाची उमेदवारी देणारी आघाडी कामगार पक्षाचीच होती. गरिबांची मते डिल्मांना मिळाली, संसदेतल्या जागा मात्र जमीनदार, धर्मगुरू आणि दलबदलूंकडे राहिल्या. मित्रांनो, आपल्याकडे पुढच्या वेळी आघाडीच्या जागावाटपाची बोलणी सुरू होतील, तेव्हा आपल्या नेत्यांना पहिला प्रश्न हाच विचारा: मते आपली, पण सभागृहात हात कोणाचे वर होणार?