अंगावरून वारं गेलं तर…



आमच्या गंगापुरात कुणाला अर्धांगवायू झाला की 'अंगावरून वारं गेलं' असंच म्हणतात. वाटतं, वारंच ते, आलं तसं जाईल! या समजुतीनेच आमच्या घरी घात केला.

एका सकाळी चहा घेताना सासूबाईंच्या हातून कपबशी निसटली. जीभ जड झाली. दहा मिनिटांत सारं पूर्ववत! "काही नाही गं, पित्त झालंय," त्या म्हणाल्या. मीही शाळेची घाई म्हणून डबा घेऊन निघाले. चौथ्या दिवशी पहाटे माझ्यादेखत त्यांची उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. तेलमालीश, मग कुणी सुचवलेलं कबुतराचं रक्त, यात दुपार झाली. मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी प्रथम विचारलं, "त्रास सुरू किती वाजता झाला?" उत्तर ऐकून ते एवढंच म्हणाले, "फार उशीर केलात."

हा झटका मेंदूचा असतो. बहुतेक वेळा रक्तवाहिनीत गुठळी अडकते, काही वेळा वाहिनी फुटून रक्तस्राव होतो. रक्त न मिळालेल्या पेशी मिनिटागणिक मरू लागतात. दहा मिनिटांत बरा झालेला झटका ही तर पुढच्या मोठ्या झटक्याची सूचना. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायला हवं, आणि नेमकं तेच आम्ही केलं नाही.

ओळखायचं कसं? माणसाला हसायला सांगा, तोंड एका बाजूला वाकडं होतं का? दोन्ही हात वर धरायला सांगा, एक खाली येतो का? साधं वाक्य म्हणवून घ्या, बोबडी वळते का? यातलं एक जरी दिसलं तरी थांबू नका. अचानक तोल जाणं, दिसेनासं होणं, कधी नव्हे एवढं डोकं दुखणं, हीही लक्षणंच.

मग काय करावं?

1. घड्याळात वेळ पाहून कागदावर लिहा.
2. 108 ला फोन करा. जिथे सीटी स्कॅन आहे तिथेच न्या. आपल्याला छत्रपती संभाजीनगर गाठायचं म्हणजे वाळूजची गर्दी आलीच, तेव्हा शेजारपाजाऱ्यांची वाट पाहू नका.
3. तोंडात पाणी, चहा, गोळी काही घालू नका, ठसका लागतो. शुद्ध हरपत असेल तर कुशीवर निजवा.
4. रक्त पातळ करणारी गोळी मनाने देऊ नका. गुठळी की रक्तस्राव, हे स्कॅनशिवाय कळत नाही.

गुठळी असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. काही रोग्यांची गुठळी त्यानंतरही तारेने काढता येते, पण जितकं लवकर तितकं बरं.

आता थोडं आधीचं. रक्तदाब हे मोठं कारण, आणि तो दुखत नाही! सासूबाईंनी 'बरं वाटतंय' म्हणून गोळी सोडली होती. मिश्रीही सुटली नव्हती. घरातल्या तिशीपुढच्या सगळ्यांचा रक्तदाब मोजून घ्या, साखर तपासा. पापड-लोणचं बेतानं वाढा. मिश्रीचा डबा आजच फेका. आणि हो, स्वतःलाही विसरू नका!

रोजच्या व्यायामाने सासूबाई आज काठी टेकत अंगणात येतात, डाव्या हाताने शेंगा सोलतात. माझं नाव मात्र त्यांना अजून नीट घेता येत नाही. म्हणून म्हणते, कपबशी निसटली तर आधी तुकडे वेचू नका, माणसाकडे पाहा.