आरोग्यविचार : ज्या परीक्षेंत शून्य गुण हवेत

लातूर आणि नांदेड येथील घरांस परीक्षेच्या गुणांची भाषा शिकवावी लागत नाहीं. ‘लातूर पॅटर्न’ हें नांव महाराष्ट्रभर झालेलें आहे, आणि वैद्यकीच्या प्रवेशपरीक्षेसाठीं घर सोडून या दोन गांवीं येऊन राहणारीं मुलें कमी नाहींत. म्हणून या महिन्यांत अशा एका परीक्षेविषयीं लिहावयाचें योजिलें आहे कीं, जींत गुण जितके कमी तितकें बरें आणि शून्य मिळालें तर सर्वांत उत्तम. ही परीक्षा ल्यूपस या रोगाची.

ल्यूपस हा शब्द लॅटिन असून त्याचा अर्थ लांडगा असा आहे. शरीराच्या रक्षणासाठीं निसर्गानें जी शक्ति दिली, तीच या रोगांत आपपरभाव विसरते आणि सांधे, त्वचा, मूत्रपिंडें, रक्त व प्रसंगीं मेंदू यांवर उलटते. दहा रुग्णांत सुमारें नऊ स्त्रिया असतात, आणि त्याहि बहुधा पंधरा ते पंचेचाळीस या वयाच्या. म्हणजे घरांतील शिकणारी मुलगी, नवी सून किंवा लेंकुरवाळी. हा रोग स्पर्शानें पसरत नाहीं आणि तो कोणाच्या पथ्यचुकीचें फळहि नव्हे.

रोग विरळ आहे. दिल्लीनजीकच्या ग्रामीण भागांतील जी पाहणी १९९३ सालीं प्रसिद्ध झाली, तींत लाख वस्तीस सुमारें तीन रुग्ण आढळले. त्या मानानें त्रैराशिक मांडल्यास २०११ च्या खानेसुमारींतील नांदेड व लातूर या जिल्ह्यांच्या सुमारें ५८ लाख लोकसंख्येंत पावणेदोनशेंच्या आसपास रुग्ण निघतील. उलट पुणें जिल्ह्यांतील भिगवण येथें १९९६ सालीं डॉ. अरविंद चोप्रा यांच्या नेतृत्वाखालीं घरोघर पाहणी झाली, तेव्हां प्रौढांपैकीं शेंकडा अठरा जणांस सांध्यांचें वा स्नायूंचें कांहींना कांहीं दुखणें असल्याचें दिसून आलें. सांधेदुखीच्या एवढ्या गर्दींत ल्यूपसची एखादी मुलगी सहज हरवते.

रोग ओळखला गेला, म्हणजे तो किती जागा आहे हें मोजावें लागतें. त्यासाठीं कॅनडांतील टोरोंटो येथील वैद्यांनीं पुढाकार घेऊन तयार केलेलें एक कोष्टक १९९२ सालीं प्रसिद्ध झालें; त्यास ‘स्लीडाय’ म्हणतात. २००२ सालीं त्यांत सुधारणा झाली. कोष्टकांत २४ बाबी असून एकूण गुण १०५ आहेत. रोगामुळें आंकडी आली तर ८ गुण, सांधे सुजले किंवा लघवींतून प्रथिनें जाऊं लागलीं तर प्रत्येकीं ४, अंगावर पुरळ उठलें किंवा केस गळूं लागले तर २, ताप असेल तर १, अशी त्याची मांडणी आहे. लक्षण तपासणीच्या दिवशीं किंवा त्यापूर्वींच्या दहा दिवसांत असेल तरच तें धरावयाचें. औषध वाढवावें कीं उतरवावें हें ठरवितांना वैद्यास या बेरजेचा मोठा आधार होतो.

परंतु या कोष्टकास एक गोष्ट नीट दिसत नाहीं, आणि ती म्हणजे बुद्धीवर येणारें मळभ. दूध उतूं जाईपर्यंत भान नसणें, ओठांवरचा शब्द न आठवणें, पान तीनदां वाचूनहि मनांत न उतरणें, वाणसामानाचा हिशोब अर्ध्यावर तुटणें, हे प्रकार ल्यूपसच्या रुग्णांत पुष्कळ आढळतात. मेंदूचा व्यापार एकाएकीं बिघडून स्थळकाळाचें भान सुटलें, तर कोष्टक त्यास ८ गुण देतें. पण महिनोन् महिने हळूहळू दाटणाऱ्या या मळभास शून्य! मग घरांत सहज प्रश्न निघतो, “कागदावर तर सारें ठीक आहे, मग हिला झालें तरी काय?” आणि उत्तर ठरलेलेंच असतें : लक्ष नाहीं, मन नाहीं, अंगचोरपणा आहे. मोजपट्टीची उणीव अशा रीतीनें त्या मुलीचा दोष होऊन बसते.

बुद्धि मोजण्याच्या पद्धति निराळ्या आहेत. अमेरिकेंतील संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेनें १९९९ सालीं ल्यूपसमुळें मेंदू व मज्जातंतूंस होणाऱ्या विकारांचे १९ प्रकार ठरविले आणि बुद्धीच्या चाचण्यांचा सुमारें तासाभराचा एक संचहि सुचविला. २००५ सालीं माँट्रिअल येथील वैद्यांनीं प्रसिद्ध केलेली ३० गुणांची चाचणी दहापंधरा मिनिटांत होते. येथें मात्र गुण अधिक तितकें चांगलें. जिचें शिक्षण बारा वर्षांपलीकडे गेलें नाहीं तिला एक गुण वाढवून देण्याची सोय तींत आहे. कारण शिक्षणाचा परिणाम उत्तरांवर होतोच. भाषेचाहि होतो. देगलूर-बिलोलीकडे तेलुगू आणि उदगीर-निलंग्याकडे कानडी बोलणारीं घरें आहेत. ज्या भाषेंत ती बाई मनाशीं आंकडे मोजते त्याच भाषेंत तिची चाचणी व्हावयास हवी. मोजण्याची रीत बदलली कीं निकाल किती बदलतो याची साक्ष अशी कीं, ल्यूपसच्या शंभर रुग्णांत असें मळभ कितीजणांस येतें याचे निरनिराळ्या पाहण्यांतील आंकडे विसापासून ऐंशीपर्यंत आहेत.

शिवाय प्रत्येक विसर ल्यूपसचाच असतो असें नाहीं. रक्तक्षय, थायरॉईडचा बिघाड, निद्रानाश, खिन्नता आणि प्रेड्निसोलोनसारख्या औषधाची मोठी मात्रा यांमुळेंहि स्मरण मंदावतें, आणि यांपैकीं बहुतेकांवर उपाय आहे. मात्र औषधावर संशय घेऊन तें घरच्या घरीं एकदम बंद करणें जिवावर बेतूं शकतें.

तर मग घरच्या मंडळींनीं काय करावें? एक साधी वही घालावी. डाव्या पानावर ताप, नवे चट्टे, तोंडांतील व्रण, पायांची सूज, लघवीस येणारा फेंस हीं तारीखवार टिपावीं. उजव्या पानावर काय विसरलें, कोणत्या वेळीं, आदल्या रात्रीं झोंप किती झाली, हें लिहावें. तेंहि तिला दाखवून, तिच्या मागें नव्हे. नांदेडचें डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय महाविद्यालय असो, लातूरची विलासराव देशमुख संस्था असो, कीं तज्ज्ञासाठीं पुणें-हैदराबादचा प्रवास असो, वैद्यास रुग्णासाठीं थोडाच वेळ मिळतो आणि कोष्टकास दहा दिवसांपलीकडचें दिसत नाहीं. मधल्या महिन्यांची साक्ष ही वहीच देईल. आंकडी, एका अंगास लुळेपण किंवा एकाएकीं भ्रम झाल्यास मात्र वही लिहीत न बसतां त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. ऊन या रोगास चेतवतें. म्हणून मराठवाड्याच्या वैशाखांत दुपारचीं बाहेरचीं कामें तिच्याकडे देऊं नयेत.

एकत्र कुटुंबांत एकीचें काम दुसरीनें उचलण्याची सोय असते, हें त्याचें मोठें बळ. आणि एकीची चूक दहा तोंडीं होते, हें त्याचें मोठें दुबळेपण. ल्यूपस असलेल्या सुनेचा किंवा लेकीचा विसर माजघरांतील चर्चेंत न जातां वहींत गेला, तर त्याचें कारण सांपडण्याची आशा आहे. घरांतील वडील स्त्रियांनीं एवढी एक गोष्ट मनावर घेतली, तरी औषधाचें अर्धें काम सुकर होईल.